सर्दीची गोळी घेऊन गाडी चालवताना

आपल्या घरांत दारूला थारा नाही. नशेत गाडी चालवण्याचा विषय निघाला की आपण मनातल्या मनात म्हणतो, अल्हम्दुलिल्लाह, हे आपल्याकडे नाही. पोलिसांच्या तोंडासमोर धरायच्या यंत्रात आपण फुंकर मारली तर आकडा शून्यच येईल, याची आपल्याला खात्री असते. ती खात्री बरोबर आहे. पण शून्य आकडा म्हणजे डोके पूर्ण जागेवर आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. शिंका, नाक वाहणे, अंगाला खाज यासाठी मेडिकलमधून दोन-चार रुपयांत मिळणारी एक बारीकशी गोळी माणसाला स्टिअरिंगवर दारू प्यायलेल्या माणसाइतके, कधी त्याहून जास्त बिघडवू शकते. ही गोळी हलाल, कायदेशीर आणि गरजेची असते. म्हणूनच तिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात या गोळ्यांना वर्षभर काम असते. पावसाळा सरत आला की रस्त्याकडेचे गाजर गवत फुलते. हेच ते काँग्रेस गवत. १९५०च्या दशकात ते पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदवले गेले आणि आज शेताच्या प्रत्येक बांधावर दिसते. त्याच्या परागकणांनी नाक वाहते, कातडीला खाज सुटते. मग सोयाबीनची मळणी येते आणि यंत्रातून उडालेला भुसा गावावर धुक्यासारखा पसरतो. हिवाळ्यात ऊसतोड, त्यामागून तूर, हरभरा, ज्वारीची काढणी. धूळ काही संपत नाही. घराघरांत कोणीतरी शिंकत असते आणि कपाटातल्या डब्यात अर्धी वापरलेली पाने पडलेली असतात. ज्याला सर्दी झाली त्याने त्यातली एक घ्यायची आणि मोटारसायकलला किक मारून निघायचे, हा आपला रिवाज.

गोळी नेमके काय करते?

शरीरात हिस्टामाइन नावाचे एक रसायन असते. धूळ किंवा पराग नाकात गेले की शरीर ते सोडते, आणि त्यातून शिंका, पाणी, खाज, पित्ताच्या गांधी हे सगळे सुरू होते. या हिस्टामाइनला अडवणारी औषधे म्हणजे अँटिहिस्टामिन. १९३७ साली डॅनियल बोवे या शास्त्रज्ञाने फ्रान्समध्ये असे पहिले रसायन शोधले. पुढे १९५७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचाही वाटा होता.

अडचण अशी की हेच हिस्टामाइन मेंदूतही असते, आणि तिथे त्याचे काम वेगळे आहे. माणसाला जागे ठेवणे, लक्ष एका ठिकाणी टिकवणे, समोर काही आले की पटकन हालचाल करायला लावणे, यात ते मदत करते. म्हणजे नाकातला जो उपद्रव बंद करायला आपण गोळी घेतो, तीच गोळी मेंदूत पोहोचली तर तिथला पहारेकरीही झोपवते.

सगळ्या गोळ्या मात्र मेंदूत सारख्या पोहोचत नाहीत. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक चाळणी ठेवलेली आहे. जुन्या पिढीची औषधे ती सहज ओलांडतात. नव्या पिढीची बरीचशी औषधे बाहेरच अडतात. जपानमधील तोहोकू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी माणसांच्या मेंदूचे पेट स्कॅन काढून हे प्रत्यक्ष पाहिले. जुन्या क्लोरफेनिरामिन प्रकारातल्या औषधाच्या अवघ्या २ मिलिग्रॅमने मेंदूतल्या हिस्टामाइनच्या निम्म्याहून अधिक जागा अडवल्या. नव्या फेक्सोफेनाडिनने जवळपास एकही नाही.

आपल्या डब्यातली गोळी कोणती?

पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेले नाव असते. आपल्याला हवे ते नाव खाली बारीक अक्षरात असते. ते वाचायची सवय घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलींना लावा. त्यांचे इंग्रजीही सुधारेल.

जास्त गुंगी आणणारी जुनी औषधे अशी: क्लोरफेनिरामिन (सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत हेच असते, डॉक्टर त्याला 'सीपीएम' म्हणतात), फेनिरामिन (अविल), डायफेनहायड्रामिन (खोकल्याच्या बेनाड्रिलमध्ये असते), प्रोमेथाझिन (फेनर्गन, आणि प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घ्यायची अव्होमिन), हायड्रॉक्सिझिन (खाजेसाठीची अटारॅक्स), सिप्रोहेप्टाडिन (मुलांची भूक वाढावी म्हणून देतात ते सिरप). चक्कर येऊ नये म्हणून ज्येष्ठांना देतात ती सिनारिझिनची गोळीही याच घराण्यातली.

मधल्या पायरीवर सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन येतात. यांची गणना नव्या पिढीत होते आणि 'हिने झोप येत नाही' असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत १० मिलिग्रॅम सेटिरिझिन घेतलेल्या दर शंभर माणसांतल्या सुमारे १४ जणांना गुंगी आली, तर औषध नसलेली नुसती गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण ६ होते. बहुतेकांना त्रास होत नाही, पण आपण त्या चौदांपैकी आहोत की नाही हे गाडीवर बसून तपासायची गोष्ट नव्हे.

सर्वांत कमी गुंगीची म्हणून फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, डेसलोराटाडिन, बिलास्टिन ही नावे घेतली जातात. तीसुद्धा ठरलेल्या मात्रेतच. लोराटाडिनची मात्रा वाढवली की त्यानेही सुस्ती येते.

दारू आणि गोळी यांची तुलना

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात गाडी चालवण्याचे एक मोठे कृत्रिम यंत्र होते. माणूस गाडीत बसतो, समोर पडद्यावर रस्ता धावतो, आणि चूक झाली तरी कोणाला इजा होत नाही. या यंत्रावर ॲलर्जीची सर्दी असलेल्या ४० परवानाधारक चालकांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. प्रत्येकाने चार वेगवेगळ्या दिवशी चार गोष्टी घेऊन गाडी चालवली: एकदा जुने डायफेनहायड्रामिन ५० मिलिग्रॅम, एकदा नवे फेक्सोफेनाडिन ६० मिलिग्रॅम, एकदा दारू आणि एकदा काहीच औषध नसलेली गोळी. दारू इतकी दिली होती की रक्तातले प्रमाण १०० मिलिलिटरला सुमारे १०० मिलिग्रॅम व्हावे. आपल्या देशात कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ही तिच्या तिपटीहून जास्त झाली.

पुढच्या गाडीच्या वेगाशी आपला वेग जुळवणे, आपली लेन न सोडणे, अचानक आडव्या आलेल्या वाहनाला चुकवणे, हे सगळे मोजले गेले. सगळे मिळून पाहता सर्वांत वाईट गाडी चालली ती दारू घेतलेल्या दिवशी नव्हे, तर डायफेनहायड्रामिन घेतलेल्या दिवशी. फेक्सोफेनाडिन घेतलेल्यांची गाडी औषध न घेतलेल्यांसारखीच चालली.

याच चाचणीतली दुसरी गोष्ट आपल्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. चालकांना विचारले होते की तुम्हाला किती झोप येतेय. त्यांनी दिलेले उत्तर आणि त्यांचे प्रत्यक्ष चालवणे यांचा मेळ बसला नाही. ज्याला आपण ताजेतवाने आहोत असे वाटत होते, त्याचीही गाडी भरकटत होती. 'मला काही होत नाही, मला सवय आहे' हे वाक्य आपण अब्बांकडून, भावाकडून, नवऱ्याकडून ऐकतो. ते खोटे बोलत नसतात. त्यांना खरोखरच कळत नसते, कारण कळण्याचे काम ज्या मेंदूने करायचे, त्याच्यावरच औषधाचा अंमल असतो.

नेदरलँड्समध्ये तर खऱ्या रस्त्यावर चाचण्या होतात. औषध घेतलेला चालक महामार्गावर सुमारे १०० किलोमीटर गाडी चालवतो. शेजारी दुहेरी ब्रेक असलेला प्रशिक्षक बसतो, आणि गाडी लेनमध्ये किती डाव्या-उजव्या बाजूला डुलते हे सतत मोजले जाते. माणूस झोपी जात नाही, फक्त गाडी थोडी थोडी वाहवत जाते. सरळ, रिकामा, एकसुरी रस्ता असेल तर हे डुलणे वाढते.

थोडे गणित

गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असेल तर ती एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय जायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी ८ मीटर जास्त जाते. दोन सेकंद डोळा लागला तर ३३ मीटर, आणि एवढे अंतर कोणीही चालवत नसलेल्या गाडीने कापलेले असते. आता हिवाळ्यातली रात्र डोळ्यांसमोर आणा. येडशीकडून कारखान्याला निघालेली उसाची जोडट्रॉली, मागे ना लाल दिवा ना चमकणारी पट्टी, अर्धी रस्त्यावर उभी. शुद्धीवर असलेल्या चालकालाही ती शेवटच्या क्षणी दिसते. तिथे आठ मीटर म्हणजे घरी परतणे आणि न परतणे यातले अंतर आहे.

आपल्या जिल्ह्यातून सोलापूर–तुळजापूर–धाराशिव–बीड हा महामार्ग जातो. नळदुर्ग, उमरग्यावरून हैदराबादचा रस्ता जातो. दोन्हीकडे रस्ते आता रुंद आणि सरळ झाले आहेत, वेग वाढला आहे. हाजींना निरोप द्यायला किंवा उमरा करून येणाऱ्यांना आणायला आपण रात्रीतून मुंबईपर्यंत सुमारे चारशे किलोमीटर गाडी पळवतो. दिवसभर पाहुण्यांची गडबड झालेली असते, झोप झालेली नसते. त्यात चालकाने संध्याकाळी 'सर्दीवर एक घे' म्हणून गोळी घेतली असेल, तर गाडीतल्या दहा जणांचा जीव त्या गोळीवर टांगलेला असतो. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून मागे बसलेल्या खालाजानने गोळी घ्यावी, त्याला हरकत नाही. चालकाने ती घेऊ नये.

'रात्री घेतली होती, आता सकाळ झाली'

हाही एक मोठा गैरसमज. क्लोरफेनिरामिनचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला मोठ्या माणसात सुमारे २० तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या गोळीचा बराच अंश सकाळी सातला शरीरात असतो. सकाळी डोके जड, तोंड कोरडे, डोळ्यांवर झापड, हे सर्दीचेच लक्षण समजून माणूस शाळेला, बाजाराला, साइटवर निघतो.

विमान चालवणाऱ्यांसाठी अमेरिकेत नियम आहे की डायफेनहायड्रामिनचा एक डोस घेतल्यावर ६० तास विमान चालवायचे नाही. याच देशाच्या अपघात तपास मंडळाने १९९० ते २०१२ या काळात अपघातात मरण पावलेल्या वैमानिकांच्या रक्ताचा आढावा घेतला. कामात बाधा आणू शकणाऱ्या औषधांत सर्वांत जास्त वेळा सापडले ते हेच डायफेनहायड्रामिन. शिकलेले, परवाने घेतलेले, तपासणी होणारे वैमानिक या साध्या औषधाला साधे समजले, तर आपण कोण?

रमजानमध्ये अधिक जपा

रमजानमध्ये दिवसाची गोळी सहरीला ढकलली जाते. सर्दी झालेला माणूस सहरीत गोळी घेतो, फजर पढतो आणि दूध घालायला किंवा पहिल्या गाडीला जायला निघतो. गोळीचा अंमल चढायची आणि रस्त्यावर निघायची वेळ एकच येते. तरावीहमुळे रात्रीची झोप आधीच कमी झालेली असते. दुपारनंतर शरीरात पाणी कमी असते, आणि इफ्तार घरी गाठायची घाई असते. या चार गोष्टी एकत्र आल्या की काय होईल ते सांगायला नको.

म्हणून रमजान सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून गुंगी न आणणारी, दिवसातून एकदाच घ्यायची गोळी ठरवून घ्या. गुंगीची गोळी घेणे भागच असेल तर ती सहरीऐवजी रात्री घ्या, आणि दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्याच्या हाती द्या. फेक्सोफेनाडिन घेत असाल तर ती साध्या पाण्याबरोबरच घ्या. संत्री, सफरचंद यांच्या रसाबरोबर ती शरीरात नीट शोषली जात नाही. इफ्तारच्या दस्तरख्वानवर रसाचा ग्लास हाताशी असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. नाकात मारायच्या स्टिरॉइडच्या फवाऱ्याने गुंगी येत नाही आणि जुनाट ॲलर्जीत डॉक्टर तो देतात. रोजात तो चालतो का याबद्दल आपल्या आलिमांना विचारा, नाहीतर सहरी-इफ्तारच्या वेळेत बसवा. आणि आजार खरोखरच जास्त असेल तर आजारी माणसाला रोजात सवलत देणारी सूरह बकरातील आयत आपल्यासाठीच आहे. सवलत असताना जिवाशी खेळणे ही काही इबादत नव्हे.

दीन काय सांगतो, कायदा काय सांगतो

हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीतील एक हदीस आपण अनेकदा ऐकतो. नमाज पढताना डुलकी येऊ लागली तर आधी झोप घ्यावी, कारण झोपेच्या भरात माणूस दुआच्या जागी भलतेच बोलून जाईल, असा तिचा आशय आहे. जिथे माणूस अल्लाहसमोर उभा आहे आणि चूक झाली तर ती त्याच्यापुरती आहे, तिथेही झोपाळू मेंदूला थांबवले आहे. मग जिथे चूक दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावर जाणार आहे, तिथे काय म्हणावे? आजारात औषध घेणे जायज आहे, चांगलेच आहे. पण औषधाच्या अंमलाखाली गाडी घेऊन रस्त्यावर जाणे हा हुकूकुल इबादचा, म्हणजे बंद्यांच्या हक्कांचा प्रश्न होतो. जानची हिफाजत हा शरियतच्या मूळ उद्देशांपैकी एक, आणि त्यात रस्त्यावरून चालणाऱ्या अनोळखी माणसाची जानही आली.

कायदाही इथे गप्प नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १८५मध्ये दारूबरोबरच औषध किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहनावर नीट ताबा ठेवता येत नसताना ते चालवणे हाही गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. फुंकर मारायच्या यंत्रात गोळी दिसत नाही, हे खरे. पण अपघात यंत्र पाहून होत नाही.

फ्रान्समध्ये औषधाच्या खोक्यावर गाडीचे चित्र असलेला त्रिकोण छापतात. पिवळा म्हणजे सांभाळून, नारिंगी म्हणजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, लाल म्हणजे गाडी चालवूच नका. अक्षरओळख नसलेल्यालाही तो समजतो. आपल्याकडे इशारा असला तरी तो बहुधा इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात असतो. तोवर हे काम घरानेच करायचे आहे. जुन्या औषधांच्या पाकिटांवर लाल पेनाने मराठीत किंवा उर्दूत लिहून ठेवा: 'गाडी नको'.

घरात पाळायच्या काही गोष्टी

मेडिकलवर गोळी मागताना एवढेच म्हणा, 'मला गाडी चालवायची आहे, झोप न येणारी द्या.' डॉक्टरांनाही आपला व्यवसाय सांगा. ट्रॅक्टर, रिक्षा, काळी-पिवळी, ट्रक चालवणाऱ्याने हे सांगितल्याशिवाय दवाखान्यातून उठू नये. मळणीयंत्र, कडबाकुट्टी, वेल्डिंग, शिवणयंत्राच्या मोटारीवर काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

कोणतीही नवी गोळी पहिल्यांदा घ्याल ती रात्री, घरी असताना घ्या. पहिले दोन-तीन दिवस गाडी टाळा.

सर्दीची मिश्र गोळी आणि खोकल्याचे सिरप एकत्र घेऊ नका. दोन्हींत तेच औषध असू शकते आणि मात्रा दुप्पट होते. झोपेच्या, फिटच्या, मानसिक आजाराच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या चालू असतील तर गुंगी कितीतरी वाढते. डॉक्टरांना आधी सांगा.

साठीपुढच्या बुजुर्गांना जुन्या गोळ्यांनी भ्रम होणे, लघवी अडणे, रात्री उठताना तोल जाणे असे त्रास होतात. दादाजानला नातवाच्या डब्यातली गोळी देऊ नका.

सकाळी वर्गात डोके बाकावर टेकवून बसलेला मुलगा दिसला की आम्ही शिक्षक आधी रागावतो. विचारल्यावर कळते, रात्री खोकल्याचे औषध घेतले होते. असे मूल सायकलवरून शाळेला येत असेल तर त्या दिवशी त्याला कोणीतरी सोडायला या.

चहा पिणे, तोंडावर पाणी मारणे, खिडकी उघडणे याने दहा मिनिटे बरे वाटते. औषधाचा अंमल त्याने उतरत नाही. डोळे जड झाले तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर लावा आणि झोपा. उशीर झाला तर फोन करा.

आणि गोळीची गरजच कमी होईल असे पाहा. मळणीच्या वेळी नाकातोंडाला ओला रुमाल किंवा मास्क बांधा. घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटा. वुजूत नाकात पाणी घेतो तेव्हा ते घाईने न करता नीट करा, धूळ निघून जाते. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे असेल तर पाणी उकळून थंड केलेलेच वापरा.

घरातून निघताना आपण सफरची दुआ पढतो. त्याआधी एक प्रश्न विचारायची सवय घरातल्या बायकांनी लावून घ्यावी, कारण औषधाचा डबा त्यांच्याच ताब्यात असतो: 'आज कोणती गोळी घेतलीत?' उत्तर जुन्या गोळीचे आले तर किल्ली काढून घ्या. रुसवा एक दिवसाचा असतो. अल्लाह आपल्या सर्वांच्या प्रवासाची हिफाजत करो. आमीन.